कन्या १

आमच्या कुलवृत्तांताच्या पहिल्या आवृत्तीत, एकशे बाराव्या पानावर, माझ्या आजोबांची नोंद आहे. जन्म, शिक्षण, नोकरी, सदाशिव पेठेतल्या वाड्याचा पत्ता आणि शेवटी ‘अपत्ये : पुत्र २, कन्या १’. ही आवृत्ती १९७४ सालची. त्या साली आजोबांना दोन मुली होत्या. दोघी जिवंत, दोघी पुण्यात.

थोरल्या आत्याने १९६८ मध्ये जातीबाहेर लग्न केलं आणि ती खडकीला राहायला गेली. पेठेतून खडकी म्हणजे सायकलवर पाऊण तास. आजोबा त्यानंतर बावीस वर्षं जगले आणि त्या रस्त्याने एकदाही गेले नाहीत. आजी मात्र संकष्टीला सारसबागेच्या गणपतीला जायची. देवदर्शनाला तिला दोन तास लागायचे, आणि एवढा वेळ का लागतो हे घरात कुणी विचारायचं नाही. थोरली आत्या तिथे बाकावर येऊन बसलेली असायची.

माझे धाकटे काका एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम तेच बघत होते. पावसाळ्यात काकूने कागदांच्या तीन कापडी पिशव्या माझ्या स्वाधीन केल्या. “तुझं शुद्धलेखन बरं आहे, तूच बघ आता,” म्हणाली. त्यात जुने फॉर्मही होते. आजोबांनी स्वतःच्या हाताने भरलेला फॉर्म मला तिथे सापडला. निळी शाई, वळणदार अक्षर. ‘कन्या’च्या पुढचा एक काढताना हात कुठेही थबकलेला दिसत नाही. मी तो कागद उजेडात धरून बराच वेळ बघत बसले होते.

मी अठ्ठावीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. उत्क्रांतीचा धडा आला की एक प्रश्न हमखास यायचा, बहुधा मागच्या बाकावरून : “मॅडम, आपली माणसं आणि नामशेष झालेले निअँडरथल मानव एकाच वेळी होते, तर त्यांच्यात लग्नं झाली असतील का?” वर्गात हशा पिकायचा. मी शांतपणे सांगायची, नाही. हाडांवरून वाद होते, पण आता डीएनएचा पुरावा आलाय आणि त्यात तसं काही दिसत नाही. बारा-तेरा वर्षांच्या तुकड्यांना मी हे उत्तर दिलं. ते चुकीचं होतं. ती चूक आणि एकशे बारावं पान या दोन गोष्टी त्या पावसाळ्यात माझ्या मनात एकमेकींना चिकटल्या.

माझ्या उत्तरामागे १९९७ चं एक संशोधन होतं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळ निअँडर नावाच्या खोऱ्यात १८५६ साली चुनखडीच्या खाणीत काही हाडं सापडली होती. त्यावरूनच या मानवाला निअँडरथल म्हणतात. त्यातल्या दंडाच्या हाडाचा छोटा तुकडा घेऊन म्युनिकमध्ये स्वांते पेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणातल्या डीएनएची ३७९ अक्षरं वाचली. आजच्या कुठल्याही दोन माणसांमध्ये या पट्ट्यात सरासरी आठ अक्षरांचा फरक असतो. निअँडरथल आणि आजचा माणूस यांच्यात तो सत्तावीस निघाला. म्हणजे हे नातं फार लांबचं, आपल्या सगळ्यांच्या घेराबाहेरचं. आजच्या कुठल्याही माणसात निअँडरथलचा मायटोकॉन्ड्रिया सापडला नाही, तो अजूनही सापडलेला नाही. संकर झालाच नाही असं त्या संशोधकांनी म्हटलं नव्हतं. बाकीच्या जनुकांबद्दल यावरून काही सांगता येत नाही, हे त्यांनी लिहून ठेवलं होतं. पुढची उडी आमच्यासारख्यांनी मारली.

मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. माझा माझ्या आईचा, तिचा तिच्या आईचा, आणि ती रेघ अशीच मागे जाते. एखाद्या बाईला फक्त मुलगे झाले, तर तिची ही रेघ तिथेच संपते. मुलगे असतात, नातवंडं असतात, तिच्यासारखं नाक, तिच्यासारखा तापट स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतो, पण मायटोकॉन्ड्रियाच्या वहीत तिचं खातं बंद. वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचं तसंच, फक्त उलट.

आणि कुलवृत्तांत म्हणजे तरी काय? वाय गुणसूत्राची वही. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. ज्याला फक्त मुली झाल्या, त्याच्या नावापुढे ‘शाखा खुंटली’. आमच्या पहिल्या आवृत्तीत ही दोन पदं मी मोजली, एकोणचाळीस ठिकाणी आहेत. त्या एकोणचाळीस घरांतल्या लेकींची नातवंडं-पतवंडं आज कुठे कुठे असतील. वहीपुरती ती सगळी घरं ओस आहेत.

आमचा मूळ पुरुष माझ्यापासून अकरा पिढ्या मागे आहे. कोकणातून घाटावर आलेला. पिढी मागे गेली की पूर्वज दुप्पट होतात : दोन, चार, आठ, सोळा. अकराव्या पायरीवर २०४८ जागा भरतात. जवळच्या नात्यांतली लग्नं धरली, तर काही जागांवर तीच माणसं पुन्हा बसलेली असणार. तरी त्या दोन हजारांतल्या एकाच माणसाचं नाव आम्हाला माहीत आहे आणि त्याच्या नावाने आम्ही संमेलनं भरवतो. याहून जास्त चक्रावून टाकणारी गोष्ट मला हिशेब करताना उमगली. आईवडिलांकडून गुणसूत्रं येतात ती अखंड येत नाहीत, दर पिढीला त्यांचे तुकडे होऊन अदलाबदल होते. तरी अकरा पिढ्यांत जेवढे तुकडे होतात, ते दोन हजार पूर्वजांना पुरत नाहीत. बहुसंख्य पूर्वजांच्या वाट्याला काहीच येत नाही. मी बाई, म्हणजे त्या मूळ पुरुषाचं वाय गुणसूत्र माझ्याकडे नाही. बाकीच्या गुणसूत्रांत त्याचा एखादा तुकडा माझ्यात असण्यापेक्षा नसण्याचीच शक्यता जास्त.

निअँडरथलचा तुकडा मात्र माझ्यात आहे. तुम्हा वाचणाऱ्यांतही आहे. ते कळलं मे २०१० मध्ये.

क्रोएशियातल्या विंदिया नावाच्या गुहेतली तीन हाडं, तिन्ही बायकांची. हाड दळून पूड करायची, त्यातून डीएनए वेगळा काढायचा. पण त्या डीएनएतला शेकडा एक ते पाच एवढाच भाग त्या बाईचा, बाकीचा हजारो वर्षं त्या हाडात नांदलेल्या जिवाणूंचा. शिवाय हाड उकरणाऱ्याचा, धुणाऱ्याचा, प्रयोगशाळेतल्या माणसाचा डीएनए त्यात मिसळायची भीती. तिथेच एक सुंदर खूण उपयोगी पडते. जुना डीएनए तुकड्यांच्या टोकांशी झिजतो आणि तिथलं सायटोसिन हे अक्षर बदलून वाचताना थायमिन या दुसऱ्या अक्षरासारखं दिसतं. जुन्या पोथीच्या कडा पिवळ्या पडाव्यात तसं. कडा पिवळी नसेल, तर ते पान नंतर कुणीतरी घुसडलेलं. हे ज्यांना सुचलं, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

या वाचलेल्या जीनोमची, म्हणजे सगळ्या डीएनएची, तुलना आजच्या पाच माणसांशी केली : एक फ्रेंच, एक चिनी, एक पापुआ न्यू गिनीचा आणि आफ्रिकेतले दोघं, सान आणि योरुबा. निअँडरथल आफ्रिकेतल्या दोघांपेक्षा बाकीच्या तिघांना किंचित जास्त जवळचा निघाला. फ्रेंच माणसाला जवळचा निघता तर कुणी समजून घेतलं असतं, कारण निअँडरथल मुख्यतः युरोपात आणि पश्चिम आशियात राहत होते. पण पापुआत त्यांचं एक हाड सापडलेलं नाही, तरी तिथला माणूसही तेवढाच जवळचा. म्हणजे आफ्रिकेतून बाहेर पडल्यानंतर, जगभर पांगण्याच्या आधी, वाटेतच कुठेतरी हे मिसळणं झालं. तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या माणसांतल्या निअँडरथल अंशाचा अंदाज निघाला एक ते चार टक्क्यांचा, आता तो दोनच्या आसपास धरतात. पुढे आफ्रिकेतल्या लोकांतही थोडा अंश दिसला, कारण माणसं परत आफ्रिकेतही गेली.

एक शंका तेव्हा मलाही आली होती. हे फक्त जुन्या सामाईक पूर्वजाकडून दोघांकडे आलेलं असू शकत नाही का? याचं उत्तर तुकड्यांच्या लांबीत आहे. दर पिढीला तुकडे होत असतील, तर जुना वारसा बारीक झालेला असणार आणि अलीकडचा लांबसडक. आपल्यातले निअँडरथल तुकडे सामाईक पूर्वजाच्या काळाच्या मानाने फार लांब आहेत. २०२४ मध्ये जुन्या आणि आजच्या अनेक जीनोमांवरून काळ आणखी नेमका झाला : सुमारे ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वी. म्हणजे जवळजवळ सात हजार वर्षं हे चालू होतं. एखाद्या रात्रीचा अपघात म्हणून ते बाजूला सारता येत नाही.

त्या निकालानंतर मी वर्गात उत्तर बदललं. पण आधीच्या तुकड्या निघून गेल्या होत्या.

रोमानियातल्या एका गुहेत २००२ साली एका माणसाचा खालचा जबडा सापडला. चाळीस हजार वर्षांपूर्वीचा, आपल्यासारखाच माणूस. २०१५ मध्ये त्याचा डीएनए वाचला, तर त्यात सहा ते नऊ टक्के निअँडरथल. तुकडे इतके लांब की त्याचा निअँडरथल पूर्वज चार ते सहा पिढ्यांमागचाच असणार. मराठीत त्या चौथ्या पिढीला शब्द आहे, खापरपणजी किंवा खापरपणजोबा. त्याच्या घरात कुणाला तिची आठवण असेल का? भुवईच्या जाड हाडाची, रुंद नाकाची म्हातारी, किंवा तिच्याबद्दल सांगितलेली एखादी गोष्ट? युरोपातल्या पुढच्या लोकांत या माणसाच्या कुळाची खूण सापडत नाही. आमच्या वहीत त्याच्यापुढेही ‘शाखा खुंटली’ असंच लिहिलं असतं.

आणि सायबेरियातली ती मुलगी. अल्ताई पर्वतातल्या डेनिसोव्हा गुहेत बोटाच्या एका हाडावरून २०१० मध्ये एक वेगळाच मानव उजेडात आला. चेहरा माहीत नसताना, सांगाडा नसताना, केवळ डीएनएवरून ओळख पटलेला. आज पापुआत त्यांचा वारसा ठळक आहे आणि तिबेटी लोकांना विरळ हवेत जगायला मदत करणारं ईपीएएस१ या जनुकाचं रूप त्यांच्याकडूनच आलं. त्याच गुहेत जेमतेम अडीच सेंटिमीटरचा हाडाचा तुकडा सापडला. २०१८ मध्ये निकाल आला : आई निअँडरथल, वडील डेनिसोव्हन. सुमारे नव्वद हजार वर्षांपूर्वीची, निदान तेरा वर्षांची मुलगी. प्रयोगशाळेतल्या लोकांनी आधी नमुन्यांची गल्लत झाली असं समजून पुन्हा पुन्हा तपासलं. संशोधक तिला डेनी म्हणतात.

या सगळ्याचा आधार घेऊन कुणी म्हणेल, बघा, आंतरजातीय लग्नाला विज्ञानाचाच दाखला. मला तसं म्हणायचं नाही. हाडांमध्ये संबंधाचा पुरावा आहे, संमतीचा नाही. ती माणसं एकमेकांपाशी प्रेमाने आली की पळवून आणली गेली, हे गुणसूत्रं सांगत नाहीत. आणि आत्याच्या लग्नाला कुठल्याही गुहेतल्या हाडाच्या परवानगीची गरज नव्हती. मला बोलायचं आहे ते वहीबद्दल. एकच रेघ धरून मागे गेलं, की जे झालं ते झालंच नाही असं दिसू लागतं. १९९७ मध्ये ते पुराव्याच्या मर्यादेने झालं. १९७४ मध्ये माहीत असून केलं गेलं.

काकांबद्दलही लिहायला हवं. २०२० च्या सप्टेंबरात पेबो आणि ह्यूगो झेबर्ग यांनी दाखवलं, की तिसऱ्या गुणसूत्रावरचा सुमारे पन्नास हजार अक्षरांचा एक पट्टा अंगात असेल तर कोविड गंभीर होण्याची शक्यता वाढते, आणि हा पट्टा निअँडरथलांकडून आलेला आहे. विंदियाच्या बाईत तो जवळजवळ तसाच होता. युरोपात साधारण सोळा टक्के लोकांत तो आहे. दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत. हे मी त्याच वर्षी वाचून ठेवलं होतं. एप्रिलमध्ये पुण्यात ऑक्सिजनच्या बेडसाठी रात्रभर फोन फिरवताना ते मला आठवत होतं आणि आठवून काही उपयोग नव्हता. काकांत तो पट्टा होता की नाही, हे कळायला मार्ग नाही. वय एकाहत्तर आणि वीस वर्षांचा मधुमेह, हेच धोके त्याहून मोठे होते. वैकुंठ स्मशानभूमीत घरातले चौघंच जाऊ शकलो. थोरल्या आत्याने सख्ख्या भावाला शेवटचं मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं.

त्या रागात मला निअँडरथलांचाही राग आला होता, हे खरं आहे. नंतर वाचत गेले तसा तो ओसरला. बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा एक निअँडरथल पट्टा कोविडपासून थोडं संरक्षण देतो. आणि तो तिसऱ्यावरचा घातक पट्टा ज्यांच्यात आहे, त्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे सत्तावीस टक्क्यांनी कमी असल्याचं झेबर्ग यांनीच २०२२ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी पेबोंना नोबेल मिळालं. वारसा असाच येतो, निवडून घेता येत नाही.

आपल्या मातीतला पुरावा मात्र फार तुटपुंजा आहे, आणि पुण्यात राहून ही खंत जास्त जाणवते. डेनिसोव्हा गुहेत वर्षभर सरासरी तापमान शून्याच्या आसपास. आपल्याकडच्या उन्हात, पावसात डीएनए टिकत नाही. नर्मदाकाठी हथनोरा इथे १९८२ मध्ये अरुण सोनकियांना सापडलेली कवटी आदिमानवाची आहे, तिला नेमकं कुठल्या नावाने ओळखायचं यावर तेव्हापासून वाद आहेत, आणि तो वाद डीएनएने मिटवता आलेला नाही. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन वसाहतीचं संशोधन आपल्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पुढाकाराने झालं. ६१ नमुने तपासले, तेव्हा एका बाईच्या सांगाड्याने जेमतेम उत्तर दिलं, आणि ती तर फक्त साडेचार हजार वर्षांपूर्वीची. पण हाडांनी दिलं नाही ते जिवंत माणसांनी दिलं. २०२५ मध्ये २,७६२ भारतीयांच्या जीनोमचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात विखुरलेले निअँडरथल तुकडे एकत्र जोडले, तर निअँडरथलच्या जीनोमचा जवळपास अर्धा भाग परत उभा राहतो. कुणा एकाकडे फारसं नाही. माझ्याकडे एक तुकडा, भाजीवालीकडे दुसरा, काश्मीरमधल्या कुणाकडे तिसरा. मी हे वाचलं तेव्हा कितीतरी दिवस बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाकडे वेगळ्याच नजरेने बघत होते.

गेल्या डिसेंबरात दुसऱ्या आवृत्तीचा फॉर्म घेऊन मी आत्याकडे गेले. आता ती एकोणऐंशी वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण चहा स्वतःच करते. फॉर्म मी नव्याने छापून घेतलाय. आईचं माहेरचं नाव, तिच्या आईचं नाव आणि लेकींची अपत्ये असे रकाने त्यात घातलेत. कुलमंडळातल्या दोघा वडीलधाऱ्यांना हे पसंत नाही. पानं वाढतील, खर्च वाढेल, असं त्यांचं म्हणणं. पानं वाढणारच आहेत.

आत्याने चष्मा लावून फॉर्म दोनदा वाचला.

“दादांच्या फॉर्मात मी नव्हते ना गं?”

“नव्हतीस.”

“आईने सांगितलं होतं मला. सारसबागेत.” मग थोड्या वेळाने, “तिच्या आईचं नाव तुला माहितीये का? मला माहितीये. आनंदी. त्या नाशिककडच्या.”

मला माहीत नव्हतं. माझ्या आजीच्या आईचं नाव साठाव्या वर्षी मला कळलं, तेही वहीबाहेर काढलेल्या मुलीकडून. मी ते लिहून घेतलं.

मग मी तिला डेनीबद्दल सांगितलं. आत्याला विज्ञानाची आवड नाही, पण लक्ष देऊन ऐकत होती. निअँडरथल, डेनिसोव्हन हे शब्द तिने सोडून दिले.

“किती वर्षांची होती म्हणालीस?”

“तेरा तरी.”

“आईकडे वाढली असेल की बापाकडे?”

एवढी वर्षं वाचून हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी म्हटलं, ते हाडावरून कळत नाही गं आत्या. तिने मान हलवली आणि फॉर्म पुढे ओढला. स्वतःचं माहेरचं नाव लिहिलं, सासरचं लिहिलं, नवऱ्याचं संपूर्ण नाव आडनावासकट लिहिलं. तेवढी एकच अट तिने घातली, की ते जसंच्या तसं छापलं गेलं पाहिजे. मग दोन मुलगे, एक मुलगी, पाच नातवंडं, आणि गेल्या वर्षी झालेली पणती.

मागच्या आठवड्यात नारायण पेठेतल्या प्रेसमध्ये मुद्रितं घेऊन गेले. आजोबांच्या नोंदीत ‘कन्या १’ तसंच राहिलं होतं, जुन्या आवृत्तीवरून टाइप झालेलं. मी एकावर काट मारून बाजूला दोन लिहिले. तिथल्या मुलाने पान उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, “मॅडम, एवढा एकच आकडा?”

मी त्याला आत्याने भरलेला फॉर्म दिला. म्हटलं, हेही आहे, याच्या खाली घ्या.